दोन डोसांमधले सात तास

सकाळी ६.१०

इरुंगाट्टुकोट्टैला उजाडतं ते कंपन्यांच्या बसगाड्यांनी. सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत ह्युंदाईचा कारखाना आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग पुरवणारे अनेक छोटे-मोठे कारखाने. रात्रपाळीची माणसं बाहेर पडतात, पहिल्या पाळीची आत शिरतात, आणि चेन्नई–बेंगळुरू हमरस्त्याच्या कडेला अर्धा तास नुसता हॉर्नचा गोंगाट. आज सोमवार, १९ जानेवारी. पोंगलच्या तीन दिवसांच्या सुट्टीनंतरचा पहिला कामाचा दिवस. दारादारांतल्या मोठ्या रांगोळ्या अजून पुसल्या गेलेल्या नाहीत, उसाच्या वाड्यांचा कचरा कोपऱ्याकोपऱ्यावर पडलाय.

मी इथून जवळच्या एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. अणुशक्तिनगरला बीएआरसीचा डिप्लोमा केला, मुंबईत काही वर्षं काढली आणि नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आले. किरणोपचारात डॉक्टर ठरवतात कुठे द्यायचं आणि किती. ते तिथंच आणि तेवढंच पडतंय ना, हे बघायचं काम माझं.

सुट्टीत यंत्र तीन दिवस बंद होतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. शनिवारी एरवीही उपचार नसतात, रविवार तर बंदच असतो. आज सगळा दिवस या बंद राहण्याची भरपाई करण्यात जाणार, हे मला शुक्रवारीच माहीत होतं.

सकाळी ६.४५

लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचं यंत्र, सुरू करून तापू दिलं. मग रोजची तपासणी. पाण्याइतक्याच घनतेच्या प्लास्टिकच्या लाद्या एकावर एक रचायच्या, मध्ये बोटभर जाडीचा आयन चेंबर घालायचा, खोलीचं तापमान आणि हवेचा दाब वहीत टिपायचा आणि शंभर मॉनिटर युनिटं सोडायची. चेंबरमधल्या हवेत किती विद्युतभार गोळा झाला त्यावरून डोस कळतो. तीन टक्क्यांच्या आत फरक चालतो. आज एकाच्याही आत होता. भिंतींवरच्या लेझरच्या रेषा खुणेवर येतात का, किरण चालू असताना दार उघडलं तर यंत्र जागच्या जागी थांबतं का, हेही बघितलं. थांबलं.

इतक्यात जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकणारी विद्यार्थिनी थर्माकोलचा डबा छातीशी धरून आली. डब्यात हेला पेशींच्या बाटल्या. १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींचा हा वंश आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतोय. रुग्ण नसतील तेव्हा आम्ही तिला यंत्र वापरू देतो. एका बाटलीला एकदम चार ग्रे दिले; ग्रे हे डोसाचं एकक. दुसरीला दोनच. त्या दुसरीला उरलेले दोन दुपारी अडीच वाजता. मधले सात तास बाटली कॉलेजच्या इन्क्युबेटरमध्ये, ३७ अंशांवर, म्हणजे अंगाच्या तापमानाला. थंडीत ठेवली तर दुरुस्ती मंदावते, म्हणून ती लगबगीने परत निघाली.

सकाळी ८.००

आमचे एक रुग्ण, काका, काकूंबरोबर आले. मूळचे बार्शीजवळच्या गावचे. मुलगा इथल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, म्हणून उपचार इकडे. नाहीतर बार्शीतही नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. आपल्या देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीतच सुरू झाली. टाटा हॉस्पिटलची माणसं गावोगाव फिरून कुणाला कुठला कॅन्सर झाला ते टिपायची. काकूंना ती माणसं आठवतात.

काकांना जिभेच्या मुळाशी गाठ आहे. पन्नास वर्षं तंबाखू. ऑपरेशन नाही, सात आठवडे किरणोपचार आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची बाटली. एकूण ७० ग्रे, दिवसाला दोन, असे ३५ डोस. १५ डिसेंबरला सुरुवात झाली. नाताळचा खाडा त्याच आठवड्यातल्या शनिवारी भरून काढला होता. आज २४ वा डोस, आणि दुपारी तीन वाजता २५ वा.

पाचव्या आठवड्यात तोंडाची जी अवस्था होते ती त्यांची झालीये. आतली त्वचा सोललेली, लाळ चिकट, नाकातून नळी. बोलणं जवळजवळ बंद. टेबलावर झोपले की टेक्नॉलॉजिस्ट मुलगी त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा ठेवते आणि दोन्ही बाजूंनी टचटच बसवते. पहिल्या दिवशी गरम पाण्यात मऊ करून तो त्यांच्याच चेहऱ्यावर ओढून घेतला होता. आता गालाशी थोडा सैल वाटतो, कारण वजन उतरलंय. मी कडेने बोट घालून बघितलं. अजून चालेल, पण या आठवड्यात पुन्हा स्कॅन करावा लागेल अशी नोंद केली.

“असैयादींग,” मुलगी म्हणाली. हलू नका. एवढं तमिळ काकांना आता येतं.

आम्ही सगळे बाहेर आलो, दार बंद केलं. आधी स्कॅन करून हाडं जुळवली, दीड मिलिमीटर टेबल सरकवलं, मग यंत्राचा हात त्यांच्याभोवती दोनदा फिरला. तीन मिनिटांच्या आत काम झालं.

या तीन मिनिटांत काय होतं? उष्णता म्हणाल तर काहीच नाही. दोन ग्रेमुळे पेशीजालाचं तापमान अर्ध्या अंशाच्या हजाराव्या भागाइतकं वाढतं. चहाच्या एका घोटात याच्या कितीतरी पट जास्त ऊर्जा असते. म्हणून काका पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाले होते, “ताई, लागला तर न्हाईच की शेक.” फरक असा की ही ऊर्जा सगळीकडे सारखी पसरत नाही. ती नेमक्या जागी ठिणगीसारखी सुटते आणि पेशीतल्या पाण्याचे तुकडे करते. ते तुकडे डीएनएला भिडतात. एका ग्रेला प्रत्येक पेशीत डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तुटण्याच्या साधारण हजार जागा होतात. त्या पेशी लगेच सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले असे प्रसंग तीस-चाळीसच, आणि घात तिथेच होतो. तेही बरेचसे सांधले जातात. जे चुकीचे सांधले जातात, त्यांत एका गुणसूत्राचं टोक दुसऱ्याला चिकटतं, आणि अशी पेशी दुभंगायला गेली की तिची फाटाफूट होते.

म्हणजे बहुतेक पेशी किरण पडताक्षणी मरत नाहीत. विभागताना मरतात. कधी पहिल्याच वेळी, कधी दोन-तीन पिढ्या झाल्यावर. काकू पहिल्या आठवड्यापासून विचारताहेत, “गाठ कमी झाली का?” आणि त्याचं उत्तर द्यायला आम्हाला तीन आठवडे लागले.

सकाळी ९.१५

डॉक्टरांबरोबर बैठक. टेबलावर फक्त तारखांचा कागद.

प्रश्न सरळ आहे. गुरुवार-शुक्रवारचे दोन डोस बुडाले आणि पुढचा सोमवार २६ जानेवारी, त्या दिवशीही विभाग बंद. रोज एक याच चालीने गेलो तर ३० जानेवारीला संपायचा उपचार ४ फेब्रुवारीला संपेल. पाच दिवसांचा उशीर. डोस तर तेवढेच मिळणार, मग बिघडलं काय, असं कुणालाही वाटेल. रुग्णांना वाटतं. रुग्णालयाच्या कचेरीतल्या माणसांनाही वाटतं, आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक करणारे तेच असतात.

हिशोब असा. एक घन सेंटिमीटर गाठीत साधारण १०० कोटी पेशी. दोन ग्रेच्या एका डोसाने समजा निम्म्या वाचल्या. दहा डोसांनंतर उरतात जेमतेम दहा लाख. वीस डोसांनंतर हजाराच्या आतबाहेर. तीस डोसांनंतर एक. आणखी पाच कशाला, तर गाठ एका सेंटिमीटरपेक्षा मोठी असते, काही पेशी निम्म्याहून जास्त वाचतात, आणि शेवटची एक मागे राहिली तरी सगळं पुन्हा उभं राहतं.

हा हिशोब उरलेल्या पेशी गप्प बसल्या तरच खरा. डोक्या-मानेच्या कॅन्सरात त्या बसत नाहीत. सुमारे चौथ्या आठवड्यानंतर जगलेल्या पेशी आधीपेक्षा झपाट्याने वाढू लागतात. कॅलिफोर्नियातल्या रॉडनी विदर्स यांनी १९८८ साली अनेक ठिकाणच्या रुग्णांचे आकडे एकत्र मांडून दाखवलं की या टप्प्यावर वाया गेलेल्या प्रत्येक दिवसाची भरपाई करायला सुमारे ०.६ ग्रे जास्त लागतात. पाच दिवसांचे झाले तीन ग्रे. काकांचे दीड डोस नुसते उशिरापायी वाया. दर दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता टक्का-सव्वा टक्क्याने घसरते, असंही बरेच अभ्यास सांगतात.

मला सगळ्यात जास्त तळमळ याच गोष्टीची वाटते. आमच्याकडे यंत्र बिघडलं की धावपळ होते, फोन होतात, इंजिनिअर विमानाने येतो. कॅलेंडरने बंद ठेवलं की कुणी काही म्हणत नाही. काकांच्या जिभेतल्या पेशींना दोन्ही सारखंच.

मग भरून काढायचं कसं? मी पहिला कागद मांडला होता त्यात या आठवड्यात आठ डोस होते: आज दोन, शुक्रवारी दोन आणि शनिवारी एक जादा. डॉक्टरांनी मान हलवली. “हिज माउथ विल नॉट टेक इट.” तोंडाची त्वचा आताच सोललीये, आणखी सोलली तर नळीनेही पेज जाणार नाही आणि मग खाडा आपण नाही, ते स्वतःच करतील. त्यांचं म्हणणं पटलं. नवा कागद असा झाला: आज दोन, मग रोज एक, शनिवारी २४ तारखेला विभाग अर्धा दिवस उघडायचा आणि शेवटच्या दिवशी, शुक्रवारी ३० तारखेला पुन्हा दोन. या आठवड्यात सात, पुढच्या चार दिवसांत पाच. ३५ वा डोस ठरल्या तारखेलाच.

एकदम चार ग्रे देऊन एक फेरी का वाचवत नाही, हा प्रश्न प्रशासनाकडून हमखास येतो. गाठीला तो चार ग्रेचा डोस दोन-दोनच्या तुलनेत १७ टक्के जड पडतो. उशिरा परिणाम दाखवणाऱ्या निरोगी भागांना, म्हणजे मज्जारज्जू, जबड्याचं हाड, यांना ४० टक्के जड. आज वाचलेला वेळ ते दोन वर्षांनी वसूल करतात.

सकाळी १० ते दुपारी १

रांग. स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचे रुग्ण, बायका-माणसं. चार दिवसांनी सुरू झाल्यामुळे प्रत्येकाला आधी नंबर हवा. एकीचा मूत्राशय पुरेसा भरला नव्हता, तिला अर्धा लिटर पाणी पाजून बसवलं. एकाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन घसरलं होतं, त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. प्राणवायू कमी असलेल्या पेशी किरणांना अडीच ते तीन पट कमी दाद देतात, कारण डीएनएला झालेली इजा प्राणवायू पक्की करतो. म्हणून आम्ही हिमोग्लोबिनचा कागद बघितल्याशिवाय राहत नाही.

दुपारी १.३०

काका-काकू घरी गेले नव्हते. मुलाची पहिली पाळी, रिक्षाने जा-ये करायचं तर दोनशेच्या वर रुपये. व्हरांड्यातल्या बाकावर काका पाय वर घेऊन पडले होते. काकूंनी नळीतून पेज दिली आणि मग स्वतः डबा उघडला. मीही दहीभात घेऊन शेजारी बसले.

“सणाला बंद ठिवलं, आन आता एका दिसात दोनदा,” काकू म्हणाल्या. “जास्त न्हाई ना व्हायचं ह्यांना?”

मी म्हटलं, म्हणूनच तर सात तास थांबवलंय. सकाळच्या डोसाने निरोगी पेशींनाही लागलंय. त्यांना सांधायला वेळ द्यायचाय. सहा तासांपेक्षा कमी अंतर ठेवायचंच नाही आणि जमलं तर जास्तच. लंडनजवळच्या माउंट व्हर्नन हॉस्पिटलात दिवसातून तीनदा, सहा-सहा तासांच्या अंतराने किरण देऊन बघितलं होतं. गाठी चांगल्या विरल्या, पण काही रुग्णांच्या मज्जारज्जूला अपेक्षेपेक्षा कमी डोसात इजा झाली. तेव्हापासून कळलं की मज्जारज्जूची दुरुस्ती सहा तासांत पुरी होत नाही. हे शेवटचं मी काकूंना सांगितलं नाही. त्याऐवजी सकाळीच मी काकांच्या मज्जारज्जूवर एकूण किती पडणार ते पुन्हा काढून बघितलं होतं. मर्यादेच्या बरंच आत आहे.

“आन त्या गाठीतल्यांना न्हाई का मग वेळ मिळत?”

नेमका प्रश्न. मिळतो. त्याही सांधतात. पण बहुतेक कॅन्सर पेशी हे काम निरोगी पेशींइतकं नीट करत नाहीत आणि विभागायची घाई त्यांना जास्त. त्या फरकावरच आम्ही रोज थोडं थोडं करून सात आठवडे चालतो.

“म्हंजी सगळ्या मरत न्हाईत?”

“सगळ्या मरायची गरज नाही काकू. पुन्हा फुटायची ताकद गेली की झालं.”

त्यांनी जरा विचार केला. “हराळीगत. वरनं हिरवी दिसंना का, मूळ जळालं की झालं.”

इतक्या वर्षांत मला हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. काकांनी डोळे मिटलेलेच ठेवून मान डोलावली.

दुपारी २.३०

विद्यार्थिनीची दुसरी बाटली. टेबलावर लाद्या, वर बाटली, यंत्राचं डोकं खालच्या बाजूला, म्हणजे बाटलीतल्या हवेच्या पोकळीमुळे डोस चुकत नाही. दोन ग्रे. बाटली उचलून तिने भिंगाखाली बघितली. पेशी तळाला चिकटलेल्या, लांबट, अगदी धडधाकट दिसत होत्या. दिसणारच. त्यांना काय झालंय ते चौदा दिवसांनी कळेल.

दुपारी ३.००

काकांचा २५ वा डोस. पुन्हा जाळी, पुन्हा स्कॅन. सकाळपेक्षा मान दोन अंशांनी वळलेली होती, दमलेल्या माणसाची वळतेच. काढून पुन्हा बसवलं. किरण सुटले तेव्हा घड्याळात ३.२० झाले होते. वहीत दोन्ही वेळा लिहिल्या, मधलं अंतर लिहिलं, डॉक्टरांची सही घेतली.

संध्याकाळी ५.१५

रांग संपल्यावर विद्यार्थिनीने मागच्या खेपेच्या ताटल्या दाखवल्या. मी त्यांची वाट बघत होते. जांभळ्या रंगात बुडवून धुतलेल्या काचेच्या ताटल्या. प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीपासून झालेली वसाहत. ५० किंवा जास्त पेशी असतील तरच तो ठिपका मोजायचा. कमी असतील तर ती पेशी दोन-चारदा विभागून थांबली असं समजायचं. किरण न दिलेल्या ताटलीत ठिपके इतके दाट की मोजताना काचेखाली चौकटी आखलेला कागद ठेवावा लागला. दोन ग्रेच्या ताटलीत ते विरळ. आठ ग्रेच्या ताटलीत, पेशी कितीतरी पट जास्त टाकूनही, काठाला थोडेसेच. त्यातला एक मी प्रकाशात धरून बघितला. मध्ये गडद, कडेला पसरट, चांगला घट्ट. आठ ग्रे खाऊनही त्या एका पेशीने चौदा दिवसांत एवढं गाव वसवलं होतं.

हे मोजमाप १९५६ सालचं आहे. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला थिओडोर पक आणि फिलिप मार्कस यांनी याच हेला पेशींवर क्ष-किरण सोडून पहिल्यांदा माणसाच्या पेशींचा जगण्याचा आलेख काढला. तोवर लोक समजत, पेशी मारायला शेकडो ग्रे लागतात, कारण लगेच मरायला तेवढे लागतात. पक आणि मार्कसनी विचारलं, वसाहत करते का? तर एक-दोन ग्रेमध्येच ती ताकद जायला लागते असं निघालं. तीन वर्षांनी मॉर्टिमर एलकाइंड आणि हॅरिएट सटन यांनी डोस दोन भागांत वाटून मध्ये काही तास सोडले, आणि जगणाऱ्या पेशी वाढल्या. आज सकाळच्या आणि दुपारच्या बाटल्यांतला फरक तोच असणार. तिला आलेखाची घाई झालीये, प्रकल्प मार्चमध्ये द्यायचाय. मी तिला सांगितलं की चौदा दिवस म्हणजे चौदा. दहाव्या दिवशी मोजून चालणार नाही.

साधारण त्याच काळात इथे चेन्नईत अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींनी १९५४ साली काम सुरू केलं, पुढे कॅनडाकडून कोबाल्टचं यंत्र आलं, आणि डॉ. शांता यांनी आयुष्य तिथेच घालवलं. आता तरमणीला प्रोटॉन किरणोपचाराचंही केंद्र आहे. आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा हॉस्पिटलच्या केंद्रातही प्रोटॉन सुरू झालाय. नवीन यंत्रं हवीतच. पण दिवस बुडाले तर प्रोटॉननेही तो हिशोब जुळणार नाही.

संध्याकाळी ६.३०

काकांचा मुलगा पाळी संपवून आला. अंगावर अजून कंपनीचा निळा शर्ट. त्याला मी तारखांचा कागद दिला आणि दोन गोष्टींवर गोल काढले: शनिवार २४, शुक्रवार ३०.

“शनिवारी ओव्हरटाइम लावलाय मॅडम,” तो म्हणाला. “सोमवारी सुट्टी आहे म्हणून. नाही म्हटलं तर लाइन लीडर ऐकत नाही. चार तारखेपर्यंत गेलं तर चालणार नाही का? मी सुट्टी टाकली असती.”

मी त्याला सकाळचा हिशोब सांगितला. पाच दिवस, तीन ग्रे, दीड डोस. त्याला आकडे चटकन कळतात, कारखान्यात तो रोज रिजेक्शनची टक्केवारी काढतो. तो गप्प राहिला, मग म्हणाला, “असं असेल तर मला पत्र द्या. तोंडी सांगून उपयोग नाही.”

रुग्णालयाच्या लेटरहेडवर मी पत्र लिहिलं. उपचाराचे दिवस बदलता येण्यासारखे नाहीत. दिनांक २४ रोजी सकाळी आणि दिनांक ३० रोजी सकाळी ८ व दुपारी ३ वाजता रुग्णाने हजर राहणं आवश्यक आहे. सोबत नातेवाईक असणं गरजेचं आहे. डॉक्टरांची सही, विभागाचा शिक्का. एक प्रत त्याच्या एचआरला, एक आमच्या फायलीत. तिसरी प्रत मी आमच्याच कचेरीसाठी काढली, शनिवारी विभाग उघडा ठेवायच्या अर्जाला जोडून. त्यावर सकाळपासून उत्तर आलेलं नाही. उद्या आठच्या आत मीच वर जाऊन बसणार आहे.